कूलरमागची बाई

रेल्वेच्या विश्रामगृहात, जेवणघराच्या पश्चिम भिंतीला
ताट्यांचा जुना कूलर होता.
मार्च सरताना रंगारी आले, त्यांनी तो ओढला
आणि मागे ती निघाली,
चौकटीला वाळवी, कोपऱ्यात पाण्याचा पिवळा डाग,
मधोमध एक संत्रं
आणि संत्र्याला किल्लीचं भोक.

मला बोलावलं,
कारण नागपुरात जुनी चित्रं धुणारी मी एकटीच उरले
आणि माझा दर कमी आहे.
कापसाचा बोळा जिभेवर ओला करायचा,
एका वेळी नखाएवढी जागा.
लाळेसारखं औषध नाही.
अकरा दिवस मी भिंतीवर जमलेली फोडणी,
विड्यांचा धूर आणि साहेबांचे ढेकर पुसत होते.

बाराव्या दिवशी सही दिसली: विनिफ्रेड.
पुढचं आडनाव तिनंच खरवडलेलं.
पाठीला चिकटवलेल्या कागदावर भलत्याच अक्षरात,
'मिसेस ऑर्म्सबी, ट्रॅफिक सुपरिंटेंडेंट यांच्या पत्नी,
फावल्या वेळात.'

फावल्या वेळात.
बोळा तोंडात तसाच राहिला माझ्या.

मग लंडनहून फिलिपाबाई आल्या.
म्हणाल्या, युद्धाआधी तिकडे अतिवास्तववाल्यांचं प्रदर्शन भरलं,
पुरुषांनी भाषणं केली,
जिन्याखाली हिची दोन लहान चित्रं होती,
यादीत नुसती आद्याक्षरं.
पुढे ती लग्न करून हरवली.
विहिरीत पडली म्हणावं तसं म्हणाल्या.

त्यांनी चित्र वाचून दाखवलं.
ही काळी, उंच, दात विचकणारी बाई
म्हणजे अबोध मनातली आई.
हा पोट फाटलेला कागदी माणूस
म्हणजे येऊ घातलेलं युद्ध.
खिडक्याखिडक्यांतून लोंबणारी डोकी म्हणजे
(इथे त्यांनी चष्मा पुसला) अपराधी भावना.

दौलत मेश्राम चहाचा ट्रे घेऊन उभा होता.
"मॅडमले सांगा, हे सपन नोहे.
हा पोळ्याचा दुसरा दिवस हाय.
हे काळी मारबत. हा बडग्या.
हा इतवारीचा रस्ता,
अन् ह्या खिडकीखाली माझ्या आज्याचं पानाचं दुकान होतं."

मी भाषांतर केलं.
फिलिपाबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं,
पुन्हा तेच लिहिलं.
म्हणाल्या, तरीही जग तिला विसरलं.

"कोन विसरलं?" दौलत म्हणाला.
"बत्तीस वर्सं कूलरमंदी पानी टाकताना
मी तिले रोज म्हनत होतो, सरक माय जराशी."

एक गोष्ट मी अहवालात लिहिली,
कुणी वाचेल असं वाटत नाही.
हे दृश्य बंगल्यातून दिसत नाही.
माडीवरून दिसतं, कोष्ट्याच्या माडीवरून,
जिथे एखाद्या मडमेला
कुणीतरी हात धरून वर घेतलं असणार.
आणि मारबतीच्या लुगड्याची किनार विनिफ्रेडची नाही.
विनिफ्रेडचा कुंचला घाई करतो, कडेला रंग सांडतो.
किनार मोजून काढली आहे:
चार काळ्या रेघा, एक तांबडी, चार काळ्या,
एकही चुकलेली नाही,
मोजणारीला उजेड कमी पडला तरी.
मी तिला मनात गोंदाबाई हेडाऊ म्हणते.
असं नाव मला कुठेच सापडलेलं नाही.

फिलिपाबाईंनी विचारलं, कागद आहे का काही?
मी म्हटलं, किनार आहे.
त्या हसल्या. वाईट नव्हत्या त्या.
त्यांच्या पुस्तकात एका बाईपुरतीच जागा होती
आणि तीही त्यांनी भांडून मिळवलेली.

चित्र पेटीत गेलं, पेटी विमानात.
भिंतीवर फिकट चौकोन राहिला,
रंगाऱ्यांनी दोन हात दिले तरी दिसतोच.
परवा सत्तेचाळीस अंशांत मी बिलासाठी गेले
तर दौलत बादली घेऊन कूलरशी उभा.
सवयीनं तोंडून निघालंच त्याच्या, सरक माय,
मग ओशाळून माझ्याकडे बघितलं.

मी विचारलं, दौलतभाऊ,
सगळं ओळखलंत तुम्ही,
मग त्या संत्र्याला किल्लीचं भोक कशाला?

तो बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिला.
बादलीतलं पाणी त्याच्या चपलेवर सांडत होतं.
"ते मले नाही मालूम बा," म्हणाला.
"तेवढं सपन असंल."